सात फुटी पोरगा एनबीएत टिकेल का? ड्राफ्टआधी नेमकं काय बघायचं

आजच्या भागात एकच प्रश्न घेतलाय. कॉलेज बास्केटबॉलमध्ये धुमाकूळ घालणारा सात फुटी पोरगा एनबीएत गेल्यावर अचानक गप्प का होतो? आणि ज्याचे आकडे साधेच होते, तो स्टार कसा होतो? ड्राफ्टच्या आधीच हे ओळखता येतं का? बोलताना जे अर्धवट राहिलं होतं, ते लिहिताना जरा नीट मांडलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचून काढा.

उदाहरण म्हणून मी २०१५ चा ड्राफ्ट घेतोय. आपल्याकडे तो सतनाम सिंगमुळे लक्षात आहे. पंजाबच्या बल्लो के गावचा ७ फूट २ इंचांचा सतनाम त्या रात्री ५२ व्या नंबरवर निवडला गेला. ड्राफ्टमध्ये निवड झालेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. तो कॉलेज खेळलाच नव्हता, आणि पुढे त्याला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. पण त्याच ड्राफ्टमध्ये वरच्या ११ नंबरांत अमेरिकन कॉलेजांमधून आलेले पाच सेंटर होते: कार्ल-अँथनी टाउन्स, जलील ओकाफोर, विली कॉली-स्टीन, फ्रँक कामिन्स्की आणि माइल्स टर्नर. पाच जण, पाच वेगळे स्वभाव, पाच वेगळे निकाल. अभ्यासाला याहून चांगला ड्राफ्ट मिळणं कठीण.

आधी आकडे बघू

सीझन सुरू होण्याआधी बहुतेक जण म्हणत होते, ओकाफोर पहिला जाणार. ड्यूकमध्ये त्याने तसंच करून दाखवलं. सामन्याला सरासरी १७.३ पॉइंट, ८.५ रिबाउंड, ६६ टक्के शॉट आत. पहिल्याच वर्षी एसीसी कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू. त्याआधी पहिल्या वर्षाच्या कुठल्याच पोराला तो मान मिळाला नव्हता. वर एप्रिलमध्ये ड्यूकने राष्ट्रीय विजेतेपदही जिंकलं.

टाउन्स केंटकीत होता. त्याची सरासरी १०.३ पॉइंट आणि ६.७ रिबाउंड. दोघंही १९ वर्षांचे, दोघंही साधारण ६ फूट ११ इंच. नुसता हा तक्ता समोर ठेवला तर कुणीही ओकाफोरच उचलेल.

पण थांबा. केंटकीकडे त्या वर्षी इतके खेळाडू होते की कोच जॉन कॅलिपारी आलटूनपालटून दोन संघ उतरवायचे. टाउन्सला सामन्यात २१ मिनिटं मिळायची, ओकाफोरला ३०. दोघांनाही पूर्ण ४० मिनिटं खेळवलं असं धरून हिशोब करा. ओकाफोर २३ पॉइंट, टाउन्स साडेएकोणीस. अंतर निम्म्यावर आलं. रिबाउंड टाउन्सचे पावणेतेरा, ओकाफोरचे सव्वाअकरा. ब्लॉक टाउन्सचे चारच्या वर, ओकाफोरचे दोनच्या आत.

म्हणजे पहिली सवय ही लावून घ्या: सामन्याची सरासरी कधीच तशीच्या तशी वाचायची नाही. ती मिनिटांवर आणायची. चांगल्या संघात जागा वाटून घ्यावी लागते, आणि चांगला खेळाडू तिथे लपतो.

कॉलेजचं मैदान वेगळं, एनबीएचं वेगळं

आता मुद्द्याची गोष्ट. आपण धरून चालतो की एनबीए म्हणजे तोच खेळ, फक्त जरा कठीण. तसं नाहीये. उंच खेळाडूसाठी तर नियमच बदलतात.

बास्केटसमोरचा जो रंगवलेला चौकोन असतो, त्याला पेंट म्हणतात. कॉलेजमध्ये त्याची रुंदी १२ फूट, एनबीएत १६. सेंटर या चौकोनाच्या कडेला उभा राहून, पाठ बास्केटकडे करून बॉल मागतो. त्याला पोस्ट-अप म्हणतात. रुंदी चार फुटांनी वाढली म्हणजे प्रत्येक बाजूने दोन फूट लांब. ज्या वळणावर कॉलेजमध्ये बॉल अलगद बोर्डवर ठेवता यायचा, तिथून एनबीएत हुक शॉट मारावा लागतो. समोर १९ वर्षांचं पोर नसतं, पूर्ण वाढलेला माणूस असतो.

वेळही कमी. २०१४-१५ मध्ये कॉलेजला एका हल्ल्यासाठी ३५ सेकंद मिळायचे (पुढच्या वर्षीपासून ३०), एनबीएत २४. सेंटरला जागा मिळवून द्यायची, मग बॉल द्यायचा, मग तो धक्के देत आत जाणार, एवढी ऐश एनबीएत परवडत नाही.

बचावात तर आणखी मोठा फरक. कॉलेजमध्ये तुमचा सेंटर पेंटमध्ये हवा तितका वेळ तळ ठोकून उभा राहू शकतो. एनबीएत बचावाचा तीन सेकंदांचा नियम आहे. हाताच्या अंतरावर कुणाला गार्ड करत नसेल तर तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ पेंटमध्ये थांबता येत नाही. कॉलेजमध्ये जो दाराशी पहारा देत बसायचा, त्याला आता अंगणात उतरून पळावं लागतं.

त्यात थ्री-पॉइंटची रेषाही लांब. २०१५ मध्ये कॉलेजची रेषा २० फूट ९ इंचांवर होती (आता ती मागे नेलीय), एनबीएची समोरून २३ फूट ९ इंच. तीन फूट जास्त. म्हणजे बचावाने झाकायची जागाही तितकी जास्त.

आमच्या कामात एक गोष्ट वारंवार दिसते. टेस्टिंगला मस्त चाललेलं ॲप खऱ्या युजर्सच्या हातात गेलं की कोसळतं. कोड बदललेला नसतो, लोड बदललेला असतो. ड्राफ्टमध्ये नेमकं तेच होतं. कॉलेजचे आकडे खोटे नसतात. ते वेगळ्या परिस्थितीतले असतात.

ड्राफ्टच्या नऊ दिवस आधी काय झालं

१६ जून २०१५ ला गोल्डन स्टेट वॉरियर्सने एनबीएचं विजेतेपद जिंकलं. फायनलमध्ये २-१ ने मागे असताना कोच स्टीव्ह कर यांनी आपला ७ फुटी सेंटर अँड्र्यू बोगट याला सुरुवातीच्या पाचांतून काढलं आणि आंद्रे इग्वोडालाला आत घेतलं. सेंटरच्या जागी आला ड्रेमंड ग्रीन, उंची साधारण साडेसहा फूट. पुढचे तिन्ही सामने वॉरियर्सने जिंकले.

लगेच २५ जूनला ड्राफ्ट. सगळ्या लीगच्या डोळ्यांसमोर हे घडलं होतं: फायनलसारख्या ठिकाणी सेंटरला बाकावर बसवून संघ जिंकतो. म्हणून माझ्या मते उंच खेळाडूबद्दल विचारायचा खरा प्रश्न "हा किती पॉइंट करेल?" हा नाहीच. प्रश्न आहे, "अटीतटीच्या सामन्यात शेवटची पाच मिनिटं कोच याला मैदानावर ठेवू शकेल का?"

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते पिक अँड रोलवरून कळतं. हल्ला करणाऱ्या संघाचा उंच खेळाडू येऊन भिंतीसारखा उभा राहतो, त्याला स्क्रीन म्हणतात. बॉल असलेला गार्ड त्या भिंतीला घासून पुढे जातो, आणि त्याला गार्ड करणारा मागे अडकतो. आता जबाबदारी कुणावर? बचाव करणाऱ्या सेंटरवर. त्याच्याकडे मुख्यतः दोन पर्याय. एक, ड्रॉप: मागे पेंटजवळ थांबायचं, म्हणजे बास्केट वाचते, पण स्टीफन करीसारख्या माणसाला मोकळा थ्री मिळतो. दोन, स्विच: स्वतः पुढे येऊन त्या चपळ गार्डला २४ फुटांवर एकट्याने अडवायचं. पाय जड असतील तर तो एका झटक्यात मागे पडतो.

एनबीएचे कोच निर्दयी असतात. ते समोरच्या पाचांतला सर्वांत हळू माणूस शोधतात आणि दर वेळी त्यालाच या कोंडीत ओढतात. एकदा, दोनदा, दहादा. मग त्याने दुसऱ्या टोकाला २० पॉइंट केले तरी हिशोब जुळत नाही.

पाच जणांचं काय झालं

ओकाफोरला फिलाडेल्फियाने तिसऱ्या नंबरवर घेतलं. पहिल्या सीझनला त्याने सरासरी १७.५ पॉइंट केले, म्हणजे कॉलेजपेक्षाही किंचित जास्त. पॉइंट करण्याबद्दलचा अंदाज बरोबरच होता! पण फ्री थ्रो कॉलेजमध्ये जेमतेम ५१ टक्के, लांबून शॉट नाही, आणि बचावात पाय हलत नव्हते. नशिबानेही साथ दिली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि ज्या संघात तो गेला तिथे नर्लेन्स नोएल आणि जोएल एम्बीड हे दोन तरुण सेंटर आधीच होते. डिसेंबर २०१७ मध्ये त्याला ब्रुकलिनला पाठवलं. २०२०-२१ च्या सीझननंतर, पंचविशीतच, तो लीगबाहेर गेला. २०२५ मध्ये दहा दिवसांच्या करारावर जेमतेम परत आला. वाईट वाटतं, कारण पोराच्या हातात कला खरंच होती. दहा-पंधरा वर्षं आधी जन्मला असता तर कदाचित त्याच कलेवर त्याने लांब करिअर केलं असतं.

टाउन्स पहिल्या नंबरवर मिनेसोटाला गेला. कॉलेजच्या पूर्ण सीझनमध्ये त्याने थ्री-पॉइंटर मारले होते फक्त आठ, त्यांतले दोन आत. हा पुढे शूटर होणार हे आठ शॉटवरून कोण सांगणार? उत्तर फ्री थ्रोमध्ये होतं: ८१ टक्के, तेही शंभराहून जास्त प्रयत्नांत. फ्री थ्रोला कुणी अडवत नाही, अंतर ठरलेलं असतं, त्यामुळे हाताची खरी ठेवण तिथे दिसते. त्याला एकमताने सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळाला. एनबीएत त्याचे थ्री साधारण ४० टक्के जातात, आणि २०२२ च्या ऑल-स्टार वीकेंडला हा सेंटर थ्री-पॉइंट स्पर्धाच जिंकून गेला. त्याच्या बचावावर टीका होतेच, पण दुसऱ्या टोकाला तो समोरच्या सेंटरला पेंटबाहेर ओढून आणतो, म्हणून कोच त्याला बसवत नाही.

टर्नर ११ व्या नंबरवर इंडियानाला गेला. टेक्ससमध्ये सरासरी १० पॉइंट, बहुतेक वेळा बाकावरून येऊन. त्याच्या पळण्याच्या ढबीवरून बऱ्याच जणांनी शंका काढली होती. थ्री फक्त २७ टक्के. पण फ्री थ्रो ८४ टक्के, आणि २२ मिनिटांत अडीचच्या वर ब्लॉक. म्हणजे मऊ हात आणि बास्केटचं रक्षण, दोन्ही एकाच माणसात. पुढे तो दोनदा लीगमध्ये ब्लॉकच्या सरासरीत पहिला आला आणि २०२५ मध्ये इंडियानाच्या फायनल गाठणाऱ्या संघाचा सेंटर होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्सचे सामने झाले, त्या पेसर्सचाच हा सेंटर.

कामिन्स्की मात्र "फ्री थ्रो आणि थ्री बघा, झालं" म्हणणाऱ्यांना जमिनीवर आणतो. विस्कॉन्सिनचा हा पठ्ठ्या त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. जवळजवळ १९ पॉइंट, थ्री ४१ टक्क्यांच्या वर. उपांत्य सामन्यात ३८-० असं अपराजित केंटकी त्याच्याच संघाने हरवलं. शार्लटने त्याला नववा घेतला. तो एनबीएत काही वर्षं खेळला, पण मोठा खेळाडू झाला नाही. दोन गोष्टी आधीच दिसत होत्या. एक, वय २२. कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्याची सरासरी दोन पॉइंटसुद्धा नव्हती. चौथ्या वर्षी तो आपल्याहून तीन-तीन वर्षांनी लहान पोरांविरुद्ध खेळत होता. दोन, तो ना स्विच करण्याइतका चपळ, ना बास्केट राखण्याइतका उंच उडणारा.

कॉली-स्टीन याच्या बरोबर उलट. केंटकीत तो गार्डसमोर सहज सरकायचा, कॉन्फरन्सचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. सॅक्रामेंटोने सहावा घेतला. काही वर्षं स्टार्टर राहिला, पण हल्ल्यात डंकपलीकडे फारसं काही नव्हतं. फ्री थ्रो ६२ टक्क्यांच्या आसपास. पाय होते, हात नव्हते.

आता पाचही जण एका रांगेत ठेवून बघा. ओकाफोरकडे पोस्टची कला, पण ना पाय ना लांबचा शॉट. कामिन्स्कीकडे शॉट, पाय नाहीत. कॉली-स्टीनकडे पाय, शॉट नाही. टाउन्स आणि टर्नरकडे हात होते, शिवाय बास्केटजवळ शॉट अडवायची ताकदही होती. पॉइंटच्या सरासरीत हे दोघं ओकाफोर आणि कामिन्स्कीच्या कितीतरी मागे होते.

मग पोस्टवरचे पॉइंट इतके स्वस्त का?

साधं गणित आहे. धरा, सेंटरने पोस्टवरून १०० शॉट मारले आणि ४८ आत गेले. झाले ९६ पॉइंट. तेच शंभर शॉट थ्रीचे मारले आणि ३५ च आत गेले, तरी १०५. म्हणजे पोस्टवर निम्म्याच्या जवळ शॉट घालणारा चांगला खेळाडूसुद्धा साध्या थ्री शूटरच्या मागे पडतो. म्हणून समोरचा संघ पोस्टचे शॉट आनंदाने देतो.

याचं सुंदर उदाहरण २०२४ ची कॉलेज फायनल. पर्ड्यूचा झॅक ईडी, जवळजवळ ७ फूट ४ इंच, सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू. यूकॉनविरुद्ध त्याने ३७ पॉइंट केले. पर्ड्यू तरीही ७५-६० ने हरलं! यूकॉनने ठरवलं होतं की ईडीला बहुतेक एकास एक गार्ड करायचं आणि बाकीच्यांना थ्री मारू द्यायचा नाही. पर्ड्यूला अख्ख्या सामन्यात सातच थ्री घेता आले, आत गेला एक.

पण नियमालाही अपवाद असतो

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे ईडी एनबीएत फेल गेला असणार. नाही! मेम्फिसने त्याला नवव्या नंबरवर घेतलं तेव्हा बऱ्याच जणांनी नाक मुरडलं, पण पहिल्या सीझनला सरासरी ९ पॉइंट आणि ८ च्या वर रिबाउंड करून तो नवोदितांच्या पहिल्या संघात आला.

का जमलं? पसरलेल्या हातांची लांबी जवळजवळ ७ फूट ११ इंच. इतका अवाढव्य माणूस मागे थांबूनही बास्केट झाकतो. फ्री थ्रो ७१ टक्के, म्हणजे मुद्दाम फाउल करून त्याला बाहेर काढता येत नाही. पर्ड्यूत पहिल्या वर्षी त्याचे ९ पॉइंट होते, चौथ्या वर्षी २५. दर वर्षी सुधारणा. कॉलेजमध्ये तो ३२ मिनिटं पळत होता, म्हणजे दम होता. आणि मेम्फिसमध्ये शेजारी जॅरेन जॅक्सन ज्युनियर होता, जो ईडीच्या जागी बाहेर जाऊन बचाव करू शकतो. मेम्फिसने त्याच्याकडून ३७ पॉइंट मागितलेच नाहीत. स्क्रीन लाव, रिबाउंड घे, बास्केट राख, एवढंच सांगितलं. संघ कोणता मिळतो हा निम्मा ड्राफ्ट असतो.

दुसरा इशारा: कॉलेजमध्ये जे दिसलं नाही, ते नाहीच असं समजू नका. बॅम अडेबायोची केंटकीत सामन्याला एक असिस्टसुद्धा नव्हती, कारण त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. २०१७ मध्ये १४ व्या नंबरवर मायामीत गेला आणि २०१९-२० पर्यंत तोच सेंटर सामन्याला पाच असिस्ट देत होता. कोच जे काम देत नाही, ते आकड्यात उमटत नाही.

तर पुढच्या मार्चमध्ये मॅच बघताना…

रील्समध्ये डंक आणि ब्लॉक दिसतात. त्यावरून काही ठरवू नका. दहा मिनिटं पूर्ण मॅच लावा, बॉलकडे बघणं सोडा आणि फक्त सेंटरवर नजर ठेवा.

पहिलं, गार्ड अंगावर आला की त्याचे पाय काय करतात? कंबर खाली जाते की तो सरळ उभा राहतो?

दुसरं, फ्री थ्रो. ७५ टक्क्यांच्या वर असेल तर लांबच्या शॉटची आशा ठेवा. ५५ च्या खाली असेल तर सावध व्हा.

तिसरं, वय आणि मिनिटं. १९ व्या वर्षी २१ मिनिटांत दहा पॉइंट हे २२ व्या वर्षाच्या १९ पॉइंटपेक्षा जास्त सांगू शकतात.

चौथं, बॉल हातात नसताना तो उपयोगी आहे का? स्क्रीन नीट लावतो का, लगेच बास्केटकडे पळतो का, दोघं अंगावर आले की मोकळा साथीदार दिसतो का?

आणि पाचवं, सामना घासून चालला असताना, शेवटच्या पाच मिनिटांत, समोरचा कोच कुणावर हल्ला करतोय ते बघा. तो जर या सात फुटी पोराकडेच पुन्हा पुन्हा बोट दाखवत असेल, तर स्कोअरबोर्डवर त्याच्या नावापुढे ३० लिहिलेले असले तरी ड्राफ्टच्या रात्री तुमचा संघ त्याला घेऊ नये अशीच प्रार्थना करा.

यंदाच्या कॉलेज सीझनमधला तुमचा आवडता सेंटर या पाच प्रश्नांवर तपासून बघा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात!